वाढत्या अंगाचं

दुकानदार विचारतो, वय किती?
दोन, मी सांगते,
आणि चार वर्षांचा फ्रॉक मागते.
तो कोझिकोडचा. मराठीचं अक्षर कळत नाही त्याला.
तरी "वाढत्या अंगाचा हवा" म्हटल्यावर
शिडी लावून वरच्या खणातला काढतो.

पावणेदोन रियाल सांगतो, दीडला देतो.
वाचलेले अडीचशे बैसे मुठीत धरून
रुवीच्या मागच्या गल्लीतून मी अशी येते
जशी काही नोकरीच लागली मला.
मगरिब होऊन गेलेली असते,
भिंती मात्र दुपारचं ऊन अजून परत करत असतात,
हप्त्याहप्त्याने.

घरी आल्यावर फ्रॉक आतून दुमडते.
खाली चार बोटं, खांद्याला दोन.
टाके मोठे घालते, उसवायला सोपे.
सध्या आमचं सगळंच असं शिवलेलं आहे:
श्रीवर्धनला जोत्यापर्यंत येऊन थांबलेलं घर,
मुनीरची बढती, जी "पुढच्या महिन्यात" आहे
गेल्या रमझानपासून,
अम्मींचा व्हिजिट व्हिसा,
माझं अर्धं बी.एड.
आणि आणखी एक गोष्ट,
जी आम्ही दिवा मालवल्यावरच बोलतो,
तीही बोटांवर महिने मोजत, हळू,
रिदा जागी होऊ नये म्हणून.

वही म्हणते,
भाडं एकशे चाळीस. याला हात लागत नाही.
डायपरवर मी काट मारली आहे
आणि रात्री दहा वाजता ते पुन्हा लिहिलं आहे.
गावी पाठवायचे: रेट चढू दे, मुनीर म्हणतो.
रेट चढतो म्हणजे तिकडे रुपया पडतो,
आणि इकडे आम्ही चहात साखर जास्त घालतो.
शाळेत माझं गणित चांगलं होतं,
पण हे असं गणित कुणी घातलं नव्हतं.
शेवटी "इतर" नावाचा रकाना.
त्यात फुगा. त्यात हेअरक्लिपा, एकूण अकरा, उरलेल्या तीन.
त्यात एकदा, भर दुपारी,
मला एकटीला कुल्फी.

रिदाला यातलं काही मान्य नाही.
जुना फ्रॉक नको, नवा तर नकोच.
तिला बापाचं साइटवरचं जाकीट हवं,
पोपटी, चकाकत्या पट्ट्यांचं,
डिझेलचा वास धुऊनही न गेलेलं.
ते तिच्या टाचांखाली येतं.
वर माझी ओढणी, एकच बूट,
उजव्याचा, डाव्या पायात.
अशी ती एकेक पायरी बसत उतरते,
आणि खाली बाकावरचे सालिमकाका
काठी टेकत उठून उभे राहतात,
मोठ्या साहेबाची तपासणी आल्यासारखे.
ईदलाही ती अशीच गेली.
फ्रॉक आत होता, एवढंच.
व्हिडिओवर अम्मींनी विचारलं, नवे कपडे कुठायत गं?
मी जाकिटाची चेन जरा खाली केली,
गुलाबी दिसेल इतकी.

काल महिन्याचा हिशेब शहाऐंशी रियालने चुकला.
शहाऐंशी!
मुनीरने बेरीज केली, मग मी, मग फोनने.
पावत्या पीठाच्या डब्याखालून काढल्या.
कुणाला उसने दिलेस का, तो म्हणाला.
तूच दिले असशील, मी म्हणाले,
आणि आम्ही थोडा वेळ बोललो नाही.
मग सापडलं.
भाड्याच्या भिंतीवर रेघ मारता येत नाही,
डिपॉझिटमधून कापतात,
म्हणून तिची उंची मी वहीत लिहिते.
"रिदा ८६", दूध आणि गॅसच्या मधोमध,
माझ्याच अक्षरात.
आम्ही पोरीला खर्चात धरलं होतं.

मुनीर इतका हसला की ती उठली.
म्हणाला, खोड ते, जमेत लिही.
मी खोडलं नाही.
तिला मांडीवर घेतलं,
आणि ती पेंगत पेंगत
फ्रॉकच्या घेराशी चाळा करत राहिली,
बोटाने एक टाका ओढत.
मी हात धरला नाही.